उत्तर श्रोत्यांनी द्यायचं

गाडगेबाबांची वचनं आता भिंतीभिंतीवर दिसतात. शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या दारावर, रुग्णालयाच्या जिन्यात. भुकेल्याला अन्न द्या, तहानलेल्याला पाणी द्या, मुलांना शिकवा, कर्ज काढू नका. मी अकोला जिल्ह्यात जन्मभर मराठी शिकवलं आणि ही वाक्यं मुलांकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतली. पण ती अशी सुटी वाचली की मला त्यांत बाबा सापडत नाहीत. कारण बाबा नुसता उपदेश करत नसत, विचारत असत. खराटा हातात धरून ते समोरच्या हजारो माणसांना प्रश्न टाकायचे आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. वचन पुरं व्हायचं ते लोकांच्या तोंडून.

माझ्या आजीनं त्यांचं कीर्तन ऋणमोचनच्या यात्रेत ऐकलं होतं. पौषातल्या रविवारी पूर्णेच्या काठी ही यात्रा भरते. अमरावतीकडचे, मूर्तिजापूरकडचे लोक बैलगाड्या जुंपून येत. आजीकडं नवस फेडायला बकरं कापायची रीत होती, ती त्या वर्षापासून बंद झाली. का बंद केली म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, ‘त्याइनं इचारलं, अन् आमी आपल्याच तोंडानं कबूल झालो. मंग घरी येऊन बकरं कसं कापाव माय?’ बाबांच्या पद्धतीचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

ही पद्धत त्यांना कोणी शिकवली नव्हती, आणि त्यांचे प्रश्न तर सरळ त्यांच्या घरातून आलेले होते. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परिटाचं घर. वडील दारूपायी गेले. आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाकडं आली. डेबूजीनं तिथं गुरं राखली, नांगर धरला, घाम गाळून शेत पिकवलं. पण मामाचा व्यवहार सावकाराच्या वहीत होता आणि वही वाचणारं घरात कोणी नव्हतं. फेडलेलं किती, राहिलेलं किती, हे सावकार सांगेल तेवढंच. दारू, कर्ज आणि निरक्षरता हे बाबांच्या कीर्तनातले तीन कायमचे विषय, आणि तिन्ही त्यांनी घरातच भोगलेले. म्हणून मुलांना शिकवा हे त्यांच्या तोंडी इतक्या तळमळीनं यायचं. ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, पाहुण्याला पंचपक्वान्न करू नका, पण पोराला शाळेत घाला, अशा अर्थाचं ते वारंवार सांगत. यातली प्रत्येक वस्तू गरिबाच्या घरातली आहे. बचत कुठं करायची, हे त्यांनी ताटापासून लुगड्यापर्यंत मोजून दाखवलं.

बोलण्याआधी त्यांनी करून पाहिलं होतं. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू आणि मटण हवं होतं. डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद चिडले. तो ठाम राहिला. आज ही बाब किरकोळ वाटेल. पण जातपंचायतीचा धाक असलेल्या काळात, सावकाराच्या दारात उभं राहावं लागणाऱ्या माणसानं पंगतीचा रिवाज मोडणं म्हणजे वाळीत पडायची तयारी ठेवणं होतं.

1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर किंवा हातात फुटक्या मडक्याचं खापर, आणि खराटा. त्या खापरातच खायचं, त्यातच पाणी प्यायचं. त्या गाडग्यावरूनच लोकांनी गाडगेबाबा हे नाव ठेवलं. गावात शिरले की आधी रस्ता झाडायला लागायचे. दिवसभर गटार, उकिरडा, नदीचा काठ साफ करायचे, गावकरी हळूहळू जमायचे, आणि रात्री त्याच जागेवर कीर्तन व्हायचं. या क्रमाला महत्त्व आहे. ज्यानं सकाळपासून आपली घाण उपसली, त्यानं रात्री विचारलेल्या प्रश्नाला टाळाटाळीचं उत्तर देता येत नाही. पायाला हात लावायला कोणी वाकलं तर मात्र ते चिडत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं.

कीर्तनातली त्यांची प्रश्नांची रांग ऐकण्यासारखी असे. देव किती, असं विचारायचं. एक, असं सगळे म्हणायचे. मग तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. भैरोबा? आहे. मरीआई, म्हसोबा? आहेत. मग आता किती झाले? सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची बुडालेली नाव वर येते, तर लढाईत समुद्रात बुडालेल्या बोटी पूजा घालून कोणी वर का काढत नाही? हा सवाल खेड्यातल्या माणसांनाही कळायचा आणि मुंबईतल्या गिरणी कामगारांनाही. श्रद्धेची टिंगल करणं सोपं असतं. बाबा टिंगल करत नव्हते. कारण बोलता बोलता ते स्वतः देवाचं भजन गात होते, आणि पंढरपूरला जाऊन चंद्रभागेचं वाळवंट झाडत होते. देवळात मात्र गेले नाहीत.

पंढरपूरलाच त्यांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. वारीला आलेल्या या माणसांना गावात टेकायला ओटा मिळत नव्हता. 1949 मध्ये बाबांनी ही इमारत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बेघराला आसरा आणि गरिबाच्या मुलाला शिक्षण ही त्यांच्या दशसूत्रीतली, म्हणजे भिंतींवर लिहिलेल्या दहा सूत्रांतली, दोन सूत्रं, आणि ती एकाच इमारतीनं एकापाठोपाठ पार पाडली. नाशिक, देहू, आळंदी इथंही धर्मशाळा झाल्या. पैसा लोकांचा होता, लहानमोठ्या देणग्यांतून आलेला. बाबा स्वतः त्या धर्मशाळांत राहत नसत, बाहेर झाडाखाली किंवा झोपडीत पडत. 1952 मध्ये गाडगेबाबा मिशन स्थापन झालं, तेव्हा आपल्या नातेवाइकांचा या संपत्तीवर काडीचाही हक्क राहणार नाही, याची त्यांनी तजवीज केली.

इथं मला कुंताबाईंबद्दल लिहायलाच हवं. बाबांची पत्नी. नवरा लोकांचा झाला तेव्हा मुलं, सासू आणि पोटाची चिंता त्यांच्या वाट्याला आली. लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहत होत्या आणि कुंताबाई झोपडीत राहून मागून आणलेल्या भाकरीवर दिवस काढत होत्या. नातेवाइकांना काही न देण्याच्या नियमाचं कौतुक सगळे चरित्रकार करतात. मीही करते. पण तो नियम बाबांनी एकट्यानं पाळलेला नाही, कुंताबाईंनीही पाळला, आणि त्यांना तो निवडायची मुभा नव्हती. भिंतीवरच्या दहा सूत्रांशेजारी त्यांचंही नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दशसूत्री मी पहिल्यांदा नीट वाचली ती मुंबईत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं उतरतात. घरातल्या एका माणसाच्या उपचारांसाठी आम्हीही तिथं होतो. बाहेरच्या बाकावर बीडचा एक शेतकरी, त्याच्या शेजारी बिहारमधून आलेली बाई, तिच्या मांडीवर केस गळलेली मुलगी. शेतकरी बोट ठेवून भिंतीवरचं एकेक सूत्र वाचत होता. अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार, इथं बोट थांबलं. मग शेवटचं, दुःखी आणि निराश माणसांना हिंमत. मुलीनं पाणी मागितलं, तेव्हा तोच उठून तांब्या भरून घेऊन आला. या भिंतीमागं खोल्या होत्या, चूल होती, अंथरूण होतं. म्हणून तिथली वाक्यं मला पोकळ वाटली नाहीत. बाकीच्या भिंतींबद्दल मात्र हे म्हणता येत नाही. 2000 सालापासून राज्यात बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि त्यातून कितीतरी गावं खरोखर उजळली. पण तपासणी समिती येऊन गेल्यावर खराटा कोपऱ्यात उभा करणारी गावंही मी पाहिली आहेत.

बाबांचं शेवटचं कीर्तन नोव्हेंबर 1956 मध्ये वांद्र्याला झालं. सुदैवानं त्याचं ध्वनिमुद्रण झालं. आवाज थकलेला, तरी वऱ्हाडी बोलीचा ठेका सुटलेला नाही. देवांची ती मोजणी आहे, शिक्षणाचा आग्रह आहे, आणि शिकून माणूस कुठवर जातो हे सांगताना डॉ. आंबेडकरांचं उदाहरण आहे. पुढं महिन्याभरात, 6 डिसेंबरला आंबेडकर गेले, आणि 20 डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी बाबाही गेले.

त्या ध्वनिमुद्रणात बाबांच्या आवाजाइतकाच जमावाचा आवाज आहे. प्रश्न येतो आणि शेकडो गळ्यांतून उत्तर उसळतं, कधी ठाम, कधी अडखळत. वर्गात मी हे कीर्तन शिकवायचे तेव्हा एका मुलाला बाबांची वाक्यं द्यायचे आणि उरलेल्या वर्गाला लोकांची. लोकांची वाक्यं एकेका शब्दाची, ‘हो’, ‘नाही’, ‘एक’. तरी मुलं तिथंच अडायची. दारू पिणाऱ्या बापाची मुलं दारूच्या प्रश्नाला उत्तर देताना एकमेकांकडं पाहायची, आणि मग एखादी मुलगी मोठ्यानं उत्तर द्यायची. पाठ्यपुस्तकात बाबांचं कीर्तन छापताना संपादकांनी श्रोत्यांची उत्तरंही छापावीत, एवढी माझी मागणी आहे.