छेद कुठे संपतो?

‘अ छेद ब अधिक क’ हे शब्द मोठ्याने वाचून पाहावेत. यातील ‘क’ छेदात आहे की छेदाबाहेर? आडवी रेघ कुठे संपते ते पाहून डोळा क्षणात उत्तर देतो; कानाला ते कळत नाही. गणिती मजकूर वेबवर आणण्याचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्यात भारतीयांचा वाटा मोलाचा आहे.

आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची जुळणी पसंत न पडल्याने डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीचे काम हाती घेतले. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लेटेक’ उभारले. लेटेकमध्ये लिहिणारा लेखक अंश कोणता, छेद कोणता, हे स्पष्ट नोंदवतो. मात्र त्यापासून पीडीएफ तयार झाली, की साधारणपणे उरतात ती केवळ चिन्हे आणि त्यांच्या पानावरील जागा.

ही हानी कशी टाळता येईल, हे पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी दाखवून दिले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठ व आयआयटी मुंबई येथे शिकून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथील १९९४ च्या प्रबंधात त्यांनी ‘अ‍ॅस्टर’ ही प्रणाली मांडली. ती छापील पानाऐवजी लेटेकची मूळ फाइल वाचत असे. घातांक आला की आवाज चढे. लांबलचक समीकरणातील हवा तो भाग निवडून पुन्हा ऐकता येई. त्या प्रबंधाला ‘एसीएम’ या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा प्रबंध-पुरस्कार मिळाला.

गणिताची रचना वेबवर नोंदवण्यासाठी ‘मॅथएमएल’ ही भाषा १९९८ साली प्रमाणित झाली. काही ब्राउझरांनी मात्र ती बराच काळ मनावर घेतली नाही. क्रोमने २०१३ मध्ये काढून टाकलेली सोय २०२३ मध्ये परत आणली. दरम्यान अनेक ठिकाणी समीकरणे चित्रे म्हणून चिकटवली जात राहिली.

रूपांतरही सोपे नव्हते. टेक ही स्वतःच एक प्रोग्रॅमिंग भाषा आहे; प्रत्येक लेखक आपापल्या आज्ञा रचतो. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रणालीला त्या सर्व आज्ञा उलगडाव्या लागतात. एतान गुरारी यांनी त्यासाठी ‘टेकफोरएचटी’ लिहिली. २००९ साली त्यांच्या निधनानंतर तिची देखभाल कार्ल बेरी यांच्यासह तिरुवनंतपुरमच्या सी. व्ही. राधाकृष्णन यांनी स्वीकारली. ब्रूस मिलर यांच्या ‘लेटेकएक्सएमएल’च्या आधारे ‘अर्काइव्ह’ या शोधनिबंधांच्या भांडाराने डिसेंबर २०२३ पासून एचटीएमएल रूप देण्यास प्रारंभ केला.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती जमा होऊ लागल्या. ‘शोधगंगा’वर आज ते प्रबंध पीडीएफ रूपात खुले आहेत, ही मोठीच उपलब्धी होय. परंतु भौतिकशास्त्र किंवा गणिताचा दृष्टिहीन विद्यार्थी ते उघडतो, तेव्हा छेद कुठे संपतो हे त्याला कसे कळावे? लेखकाने ते एकदा लिहून ठेवलेले असते. विद्यापीठांनी पीडीएफसोबत लेटेकची मूळ फाइलही जमा करून घ्यावी. संशोधक मित्रांनीही आपापल्या मूळ फाइली आजच जपून ठेवाव्यात.