गोदामातली हवा : प्रस्तावना

हळ्ळीखेड (बी) हे हुमनाबाद तालुक्यातले गाव. एका अंगाला बिदर, दुसऱ्या अंगाला कलबुर्गी, आणि माल घेऊन जायला उदगीर-लातूरची पेठही आवाक्यात. या पट्ट्यातल्या गोदामांत तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन, गूळ आणि साखर साठते. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बिदर सहकारी साखर कारखाना तर हळ्ळीखेडलाच उभा राहिला. एका छपराखाली राहणारे हे जिन्नस हवेतल्या पाण्याशी मात्र वेगवेगळे वागतात. साखरेचा कोरडा दाणा सुमारे ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत तग धरतो, त्यापुढे पाणी ओढून विरघळू लागतो. गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज असल्याने तो त्याच्या पुष्कळ आधी पाझरतो. कडधान्यावर बुरशी धरते ती साधारण ७० टक्क्यांच्या वरच्या हवेत. तेव्हा ‘गोदाम कोरडे आहे’ एवढे म्हणून भागत नाही. किती कोरडे, कुठल्या कोपऱ्यात आणि कुठल्या मालासाठी, हे विचारावे लागते. त्या विचारण्याचे शास्त्र म्हणजे आर्द्रतामापन. या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचे, गोदामपालाचे आणि बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याचे मनापासून स्वागत.

आपल्या आजे-पणज्यांचे सेन्सरवाचून काही अडले नाही, हे खरे. ज्वारी पेवात जाई. घट्ट जमिनीत खोदलेला खड्डा, आत कडब्याचे अस्तर, तोंड मातीने बंद. धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपे आणि किडीचा जीव जाई. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी कंदील सोडून बघायचा, अशी रीत होती. पण ही सारी व्यवस्था रब्बी ज्वारीच्या भरवशावर उभी होती. ती ज्वारी फाल्गुनाच्या उन्हात खडखडीत वाळून घरी येई. आज सोयाबीन परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते. काढणीच्या दिवशी दाण्यात पाणी किती हे नशिबावर असते, आणि आडतीवर पहिला प्रश्न येतो, ‘हवा किती आहे?’, म्हणजे दाण्यात ओलावा किती. पीक बदलले, हंगाम बदलला, तशी मोजण्याची गरजही वाढली. दाताखाली दाणा फोडून ओल ओळखणारे जाणते लोक अजून आहेत, त्यांच्या अंदाजाला मान आहे. पण पोते थप्पीत गेल्यावर तिथे दात पोचत नाही.

या विषयात पहिल्यांदा पक्की करायची गोष्ट ही, की सेन्सर दाण्याची ओल मोजत नाही. तो स्वतःभोवतीची हवा मोजतो. दाणा आणि त्याच्या लगतची हवा यांची देवाणघेवाण चालू असते आणि पुरेसा वेळ मिळाला की दोघांत समतोल होतो. म्हणून पोत्याच्या पोटात बसवलेला सेन्सर दाण्याविषयी खरे सांगतो, तर दाराजवळच्या खांबावरचा सेन्सर बहुतेक वेळा रस्त्यावरच्या हवेविषयी सांगतो. अनेक गोदामांत मी तो खांबावरच पाहिला आहे, कारण तिथे वाचायला सोपे जाते.

पत्र्याच्या छपराचे उदाहरण घेऊ. दुपारी गोदामात ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे. या आकड्याने कुणी घाबरणार नाही. ३० अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, म्हणजे आत्ता तिच्यात १८ ग्रॅम आहे. कार्तिकातल्या पहाटे पत्रा २१ अंशांच्या खाली उतरला, तर त्या तापमानाची हवा जेमतेम १८ ग्रॅमच धरू शकते. पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते, आणि थेंब थप्पीच्या वरच्या थरावर पडतात. गोदामात बाहेरून पाण्याचा थेंब आलेला नसतो, तरी वरची पोती सादळतात. त्यामुळे आर्द्रतेचा आकडा तापमानाशिवाय कधीही लिहू नये, आणि एक सेन्सर छपराखाली, वरच्या थरालगत हवाच.

निवडीचे निकष पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. इथे एवढेच सांगतो की किमतीच्या आधी चूक पाहावी. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या डीएचटी ११ या सेन्सरची चूक अधिक-उणे ५ टक्क्यांची. तो ६५ दाखवतो तेव्हा खरी आर्द्रता ६० असेल किंवा ७० असेल, आणि आपला सगळा निर्णय नेमका त्या दोन आकड्यांच्या मधे अडकलेला. बियाण्यासाठी तो चालत नाही. प्रमाणित तुरीच्या बियाण्यात ओलावा ९ टक्क्यांपर्यंतच चालतो, सोयाबीनच्या बियाण्यात १२ पर्यंत; आणि बियाणे-संशोधक हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा, की बियाण्याचा ओलावा एका टक्क्याने घटला की त्याचे आयुष्य दुपटीच्या आसपास जाते. अशा कामाला अधिक-उणे २ टक्क्यांचा, पॉलिमरच्या पातळ थरावर चालणारा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा.

मात्र महाग सेन्सर घेऊन त्याच्याकडे पाठ फिरवण्यापेक्षा, मध्यम किमतीचा घेऊन तो वेळोवेळी तपासणे केव्हाही श्रेयस्कर, असे माझे ठाम मत आहे. १७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. केस कालांतराने सैलावतो आणि यंत्र पुन्हा जुळवावे लागते. आजचा पॉलिमरही सरकतो, फक्त तो सरकलेला दिसत नाही. तुरीच्या टरफलाची बारीक धूळ जाळीवर बसली की सेन्सर सुस्तावतो. ओल्या-कोरड्या फुग्याचा तापमापक वापरणाऱ्यांची अडचण वेगळी: विहिरीच्या जड पाण्याने वातीवर क्षार चढतात, वात कडक होते, आणि आर्द्रता खरीपेक्षा जास्त दिसते. तिथे शुद्ध केलेलेच पाणी वापरावे.

धुरी देताना तर विशेष जपावे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू तांबे खातो. उघड्या तारांचे सेन्सर धुरीआधी काढून ठेवावेत आणि गोदाम पूर्ण हवेशीर झाल्यावरच पुन्हा बसवावेत. हा वायू माणसालाही जीवघेणा आहे, तेव्हा आकडा बघायला म्हणून मधेच आत जाऊ नये.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत बाटलीच्या टोपणभर मीठ घ्यावे, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करावे. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. सेन्सर मिठाला न टेकता आत ठेवावा, झाकण लावावे आणि बरणी सावलीत रात्रभर राहू द्यावी. सकाळी ७५ दिसायला हवे. २० अंशांपासून ३० अंशांपर्यंत हा आकडा अर्धा टक्कासुद्धा हलत नाही, म्हणूनच जगभरचे मापनशास्त्र मिठावर भिस्त ठेवते. दुसरा बिंदू मॅग्नेशियम क्लोराइडचा, सुमारे ३३ टक्क्यांचा. दोन्हीकडे सारखाच फरक आला तर तेवढी वजाबाकी करून काम भागते. फरक वेगवेगळा आला तर सेन्सर बदलावा.

नव्याने येणाऱ्याने पहिल्या हंगामात एवढेच करावे. तीन सेन्सर मिठावर तपासून बसवावेत: एक छपराखाली, एक थप्पीच्या मध्यात, एक भिंतीलगत जमिनीजवळ. सोयाबीन आत आल्यापासून तूर येईपर्यंत पहाटे आणि दुपारी तिन्हींचे तापमान व आर्द्रता वहीत उतरवावी; शेजारी त्या दिवशी दार किती वेळ उघडे होते, पाऊस होता का, कुठल्या थप्पीला कुबट वास आला, हेही लिहावे. पुढची प्रकरणे ती वही समोर ठेवून वाचावीत.