लग्नाला साक्षी कोण?

विवाह हा संस्कार की करार, या वादावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. त्या मानाने दुसरा एक प्रश्न उपेक्षितच राहिला. झालेले लग्न खरोखरच झाले होते, हे सिद्ध कसे करायचे? ज्याला हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही, त्याला तो पोरकट वाटेल. परंतु विचारणारा सरकारी अंमलदार असला आणि दारातून आत जायचे की आल्या पावली परतायचे हे उत्तरावर ठरणार असले, म्हणजे त्यातला पोरकटपणा पार नाहीसा होतो.

आमच्या नाशकात तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळ्यांची बाडे आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की उपाध्याय बाड उघडतात आणि आपला आजा-पणजा गोदावरीवर केव्हा आला, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवतात. जुने लेख मोडीत आहेत. मी पाहिलेल्या लेखांत अमक्याची बायको, तमक्याची सून असे उल्लेख येतात. ते कोणी पुरावा म्हणून लिहिलेले नव्हते. म्हणूनच त्यांचे मोल अधिक. जुन्या समाजात लग्नाची साक्ष अशीच चहूकडे विखुरलेली असे. अंतरपाट दूर होताना अक्षता टाकणारे हात, आहेराची यादी, पुढे बारशाला जमलेल्या आयाबाया, हे सारे साक्षीदारच.

इंग्रजी राजवटीच्या कायद्यालाही हे उमजले होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ५० वे कलम होते. दोघे नवराबायको आहेत काय असा प्रश्न असेल, तर इष्टमित्र त्यांना पतिपत्नी म्हणून वागवीत असत ही गोष्ट विचारात घ्यावी, असे उदाहरणच त्यात दिलेले होते. परंतु त्याच कलमाला एक शेपूट होते. पहिली बायको असताना दुसरी केल्याचा फौजदारी खटला असेल, तर एवढा पुरावा पुरणार नाही! या शेपटाने पुढे काय केले ते सांगेनच.

कागदाविना झालेल्या लग्नावर सर्वांत मोठा घाव बसला तो दक्षिण आफ्रिकेत. केप प्रांतात राहणाऱ्या हसन इसप नावाच्या हिंदी मुसलमानाची बायको बाई मरियम हिला त्या भूमीवर उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न तेथील कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे, असा त्याचा अर्थ झाला. त्याने एकच बायको केली असली तरी उपयोग नव्हता. एका निकालासरशी हजारो घरांतल्या लग्नाच्या बायका कायद्याने रखेल्या ठरल्या आणि त्यांच्या मुलांच्या वारसाहक्कावर गदा आली.

तोवर गांधीजींनी स्त्रियांना सत्याग्रहात ओढले नव्हते. आता अपमान त्यांचाच झाला होता. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून १६ जणांची तुकडी निघाली. तीत चार स्त्रिया होत्या आणि त्यांत कस्तुरबा होत्या. परवान्यावाचून ट्रान्सवालची हद्द ओलांडल्याबद्दल त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसऱ्या तुकडीतील तामीळ स्त्रिया न्यूकॅसलला पोहोचल्या. त्यांच्या सांगण्यावरून खाणमजुरांनी संप पुकारला आणि लढ्याचे रूपच पालटले. वलिअम्मा नावाची सोळा वर्षांची पोर तुरुंगात ताप घेऊन सुटली आणि २२ फेब्रुवारी १९१४ ला वारली. इकडे आपले गोपाळ कृष्ण गोखले, जे १९१२ मध्ये तो मुलूख डोळ्यांनी पाहून आले होते, प्रकृती ढासळली असताना या लढ्यासाठी पैसा गोळा करीत होते. १९१४ च्या इंडियन रिलीफ अ‍ॅक्टने तीन पौंडांचा कर रद्द केला आणि एकपत्नीक हिंदी लग्नांना मान्यता दिली. लग्न खरे आहे हे पटवण्यासाठी बायकांनी तुरुंगात जावे, असे उदाहरण इतिहासात विरळाच.

आता शेपटाची गोष्ट. १९६५ साली महाराष्ट्रातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पहिली पत्नी हयात असताना गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. न्यायालयाने म्हटले, होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे, अथवा रूढीने त्यांची जरुरी नसल्याचे सिद्ध झालेले नाही. तेव्हा दुसरे लग्न कायद्याच्या दृष्टीने झालेच नाही. आरोपी सुटले. कायद्याचा तर्क बिनतोड असेल. परंतु आफ्रिकेत पुरावा अपुरा म्हणून बायको दाराबाहेर राहिली, आणि येथे पुरावा अपुरा म्हणून पहिल्या बायकोची फिर्याद बाहेर पडली. दोन्हीकडे हात हलवीत परतली ती स्त्रीच.

याहून ओंगळ प्रकार १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर घडला. तेथील रहिवाशाशी लग्न करायला गेलेल्या एका भारतीय बाईंची अधिकाऱ्यांनी कौमार्याची तपासणी करवली. नियोजित वधूला तेव्हा आगाऊ परवाना लागत नसे. ही वधू नसून आधीच लग्न झालेली बायको असावी, असा त्यांचा संशय. गार्डियन पत्राने हे उघडकीस आणले आणि तपासण्या बंद कराव्या लागल्या. त्या बाई पेशाने शिक्षिका होत्या. मीही शाळामास्तर आहे, म्हणून की काय, ही हकिकत मला विसरता येत नाही.

आज कोणी अंगाला हात लावीत नाही, कागद मागतात. ऑस्ट्रेलियात नवऱ्याकडे जाऊ पाहणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी यादी घेऊन आली होती. तेथील नियम चार अंगांनी लग्न तपासतात : पैशाचा व्यवहार, घराची मांडणी, लोकांतली ओळख आणि एकमेकांना दिलेला शब्द. लोकांतली ओळख म्हणजे आपले जुने ५० वे कलमच की! ‘सर, भांडणाचे निरोप दाखवावेत का?’ तिने विचारले. मी म्हटले, ‘अवश्य दाखव. कादंबरीतसुद्धा न भांडणारे जोडपे वाचकाला खोटे वाटते.’

खोटी लग्ने होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. दार राखणाऱ्याने चौकशी करावी, हेही मान्य. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंद सक्तीची केली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच आग्रह साऱ्या देशासाठी धरला, ते योग्यच झाले. मी माझ्या विद्यार्थिनींना सांगतो, हळद उतरायच्या आत नोंद करून घ्या. फोटोतल्या हारांपेक्षा तो कागद अडचणीच्या वेळी अधिक उपयोगी पडेल. मात्र मुलीच्या हाती तो कागद नसला, तर तिला खोटे ठरवण्याआधी तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावे, एवढी सभ्यता दार राखणाऱ्याच्या अंगी असायला हवी.