वह्या तरायच्या कशा?



माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हाताने उतरवली गेली. लिहिणारे भाविक खरे, पण हात माणसाचा. कुठे अक्षर गळते, कुठे नवी ओवी शिरते. म्हणून नाथमहाराजांनी शके 1506 (इ.स. 1584) मध्ये प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. तुकोबारायांची गाथा 1869 ते 1873 या काळात मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात छापली गेली, तीही देहू, पंढरपूर अशा ठिकाणच्या जुन्या वह्या ताडूनच. जुन्या प्रती होत्या, म्हणून शुद्धी करता आली.

आता माझा अपराध सांगतो. आमच्या देव्हाऱ्यात आजोबांचे बाड होते. एक अभ्यासक त्याची छायाचित्रे काढायला आला. मी म्हणालो, “देवाच्या वस्तूचा फोटो कसला?” दुसऱ्या पावसाळ्यात छप्पर गळले. काजळीची शाई शेकडो वर्षे फिकी पडत नाही, पण पाण्याने पसरते. सात पाने काळी झाली. त्यांतल्या दोन अभंगांचे ध्रुपद तेवढे मला आठवते. मग मीच त्याला निरोप धाडला.

त्याने बाड घराबाहेर नेले नाही. दोन्ही बाजूंनी सौम्य उजेड, वरून कॅमेरा. फ्लॅश नाही, पानावर काचेचा दाब नाही. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी. इंचाला निदान तीनशे ठिपके पाहिजेत, म्हणजे पुसट मात्राही मोठी करून वाचता येते. समासातल्या खुणा, कोरी पाने, काळी झालेली पानेसुद्धा त्याने टिपली. सगळ्याच्या दोन प्रती केल्या, दोन निराळ्या ठिकाणी ठेवायला.

नक्कल करणारा नकळत शब्द बदलतो. कॅमेरा चूकही जशीच्या तशी ठेवतो. ताडून पाहणाऱ्याला तेच हवे असते. मात्र कॅमेऱ्याला अर्थ कळत नाही. वाचणे, ताडणे आणि कीर्तनात उभे करणे हे काम आपलेच.

इंद्रायणीने तुकोबारायांच्या वह्या तारल्या, ही आपली श्रद्धा. पण त्या भरवशावर आपल्या घरची वही गळक्या छपराखाली ठेवू नये. माउली, तुमच्या घरी लाल फडक्यात बांधलेले बाड असेल, तर या पावसाळ्याआधी ते सोडा.