भाऊ दाजी लाड संग्रहालय: नूतनीकरण नेमकं कोणत्या सालापर्यंत?

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण 'अमुक संस्थेचा इतिहास' असं शीर्षक घेऊन येतात. हा विषय झाला, पण प्रश्न नाही झाला. दोन्हींत फरक काय, ते आज एका इमारतीवरून पाहू. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी राणीच्या बागेत जाताना पाहिलं असेल.

आधी घटनाक्रम. मुंबईचं पहिलं सरकारी संग्रहालय फोर्टमधल्या बराकीत होतं. १८५७ च्या उठावाच्या वेळी लष्कराने ती जागा घेतली आणि संग्रहाची वाताहत झाली. मग डॉ. जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट अशा मंडळींच्या प्रयत्नांतून नवी इमारत ठरली. १८६२ ला पायाभरणी झाली, १८७२ ला ती लोकांसाठी उघडली. नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ ला त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं, पण इमारतीची दुरवस्था होतच गेली. २००३ ला महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. संवर्धन वास्तुविशारद होते विकास दिलावरी. २००५ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ ला संग्रहालय पुन्हा उघडलं.

इथपर्यंत फक्त माहिती आहे. आता थोडं थांबून बघा. नाव १९७५ चं आहे, पण आत गेलात की दिसतं १८७२ च्या काळाचं रूप: मिंटनच्या फरश्या, ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी नक्षी आणि मधोमध प्रिन्स अल्बर्टचा पुतळा. म्हणजे शहराने नाव बदलून राणीला बाजूला केलं आणि तीस-एक वर्षांनी तिच्याच काळातलं दालन मेहनतीने परत उभं केलं. असं का? हा झाला प्रश्न.

याची किमान दोन उत्तरं संभवतात. पहिलं, हा निर्णय तांत्रिक होता: मूळ कामच सर्वात टिकाऊ, म्हणून तिकडे परत जायचं. दुसरं, तो सांस्कृतिक होता: शहराला आपलं एकोणिसावं शतक आता परकं वाटत नव्हतं. पहिल्यासाठी जुने फोटो, कामाच्या नोंदी आणि रंगांचे थर तपासावे लागतील. दुसऱ्यासाठी नामांतराच्या वेळची वर्तमानपत्रं, पालिकेतल्या चर्चा आणि दालनातल्या पाट्या. गृहीतक बदललं की पुरावाही बदलतो, हे लक्षात ठेवा.

मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे थरांबद्दल दोन शब्द. जुन्या भिंती चुन्याच्या असतात. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, क्षार साचतात आणि पोपडे सुटतात. त्यामुळे एखादी दुरुस्ती चांगल्या हेतूने केलेली असूनही इमारतीला मारक ठरू शकते. भिंतीचा उभा छेद घेतला तर कोणत्या पिढीने काय केलं ते वाचता येतं. अभिलेखागारात कागद नसेल तेव्हा हाच तुमचा दस्तऐवज.

कलाकारांनीही हे वाचलं. २०११ मध्ये जितीश कल्लाट यांनी याच संग्रहालयात बांबूच्या परांचीसारखी शिल्परचना उभारली. दुरुस्ती संपलेल्या दालनात पुन्हा परांची! शहराचं काम कधी पुरं होतं का, असं ती विचारत होती असं मला वाटतं.

विस्ताराचं तर अजून वेगळंच. नव्या विंगसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१४ ला स्टीव्हन हॉल यांचा सुमारे सव्वा लाख चौरस फुटांचा आराखडा निवडला गेला. तो अजून कागदावरच आहे. दरम्यान, २०२० मध्ये कोविडमुळे बंद झालेली जुनी इमारत पुन्हा दुरुस्तीला घ्यावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये उघडली. आपण झालेल्या कामांचाच इतिहास लिहितो. न झालेल्या कामाची फाइलही तितकीच बोलते: पैसा कुणाचा, जमीन कुणाची, निर्णय कुणाचा?

आता तुमच्या गावातली एखादी नूतनीकरण झालेली वास्तू घ्या, मग ते वाचनालय असो, वाडा असो की नाट्यगृह. तिला कोणत्या सालात परत नेलं, आणि ते साल कुणी ठरवलं? एका ओळीत प्रश्न लिहा, त्याखाली पुराव्याच्या तीन जागा लिहा. प्रस्तावाचं पहिलं पान तयार होईल.