दाराआडची उपासमार

मुंबईतल्या जनावरांच्या कायद्यांची हकिगत बहुतेक जण १८३२च्या कुत्र्यांच्या दंगलीपासून सांगतात. बेवारस कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडले आणि दोन वर्षांत जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ संस्था उभी राहिली. मी मात्र बरीच वर्षे दुसऱ्याच माणसाच्या शोधात आहे. जीव लावून चाळीस मांजरे दोन खोल्यांत कोंडणारा आणि त्यांना पोटभर घालू न शकणारा हा माणूस. कायद्याला तो कधी दिसला?

१८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात तो ओझरता सापडतो. इतरांना उपद्रव वा धोका होईल अशा रीतीने जनावर पाळू नये, एवढेच तो कायदा बजावतो. म्हणजे तक्रार शेजाऱ्याच्या नाकाने करायची. आतले जनावर उपाशी आहे का, हा प्रश्नच नाही. १८९०चा क्रूरताविरोधी कायदा जनावराकडे बघतो खरा, पण रस्त्यावर उभा राहून. लोकांची ये-जा असलेल्या जागी किंवा तिथून दिसेल असा छळ झाला, तरच गुन्हा. मारहाण, जादा ओझे, दुखापत झालेल्या वा उपाशी जनावराची विक्री यांवर त्याचा रोख. बंद दाराआड काय चालते, ते त्याच्या नजरेबाहेर.

दार उघडले १९६० साली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले होते. पुढे सरकारनेच कायदा केला. त्यात मालकाने पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा स्पष्ट गुन्हा ठरला, जागेची अट न घालता. उद्देश दुष्ट असण्याचीही गरज उरली नाही. वाजवी काळजी घेतली नाही एवढे पुरते. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोठी उडी, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला फार तर ५० रुपये! पुढची कित्येक दशके तो तसाच राहिला.

साठेबाजी हा शब्द या कायद्यात कुठेच नाही. तरी कलम २९ वाचावे. दोषी ठरलेल्या माणसाची जनावरे न्यायालय काढून घेऊ शकते, शिवाय काही काळ वा कायमचे जनावर बाळगण्यासही त्याला मनाई करू शकते. मग ती चाळीस मांजरे जायची कुठे? कलम ३५मध्ये त्याची सोय आहे, आणि तिथल्या इंग्रजी मजकुरात एक देशी शब्द जसाच्या तसा बसला आहे: पिंजरापोळ.