मायक्रोड्राइव्ह : इवलीशी तबकडी, मोठी जोखीम

आयबीएमने १९९९ मध्ये आणलेली मायक्रोड्राइव्ह म्हणजे एक इंची तबकडीची हार्ड डिस्क. ती डिजिटल कॅमेऱ्याच्या कॉम्पॅक्टफ्लॅश खाचेत बसे. आरंभी ३४० एमबीपर्यंत असलेली तिची क्षमता २००० मध्ये १ जीबीवर गेली.

फिरते भाग हेच तिचे दुखणे. वेगाने फिरणाऱ्या तबकडीवर वाचन-लेखन करणारे हेड हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. चालू असताना धक्का बसल्यास ते तबकडीवर आपटून माहिती नष्ट होऊ शकते. विरळ हवेतही हा थर पुरेसा राहत नाही. म्हणून वापराची मर्यादा सुमारे ३,००० मीटर उंचीची. सुमारे १,१०० मीटरवरील चिखलदऱ्यात त्यामुळे चिंता नसते, लेहमध्ये असते. अकोला-अमरावतीत काळजी उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला, की बंद मोटारीतील उष्णता त्याहून कितीतरी वाढते.

फ्लॅश मेमरी स्वस्त झाली आणि मायक्रोड्राइव्ह मागे पडली. मात्र घरात वा फोटो स्टुडिओत ती अद्याप असल्यास त्यातील लग्नकार्यांच्या छायाचित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. टकटक आवाज येऊ लागल्यास ती पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये, जाणकाराकडे सोपवावी.